कंसातले नाव, वर्तुळातला आकडा

सातबाऱ्याचा जुना, हाताने लिहिलेला उतारा आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कोठेतरी असतो. बहुधा पत्र्याच्या पेटीत, लग्नपत्रिकांच्या खाली. तो एकदा बाहेर काढून नीट पाहा. वरच्या भागात, म्हणजे गाव नमुना सातमध्ये, कब्जेदारांची नावे असतात. त्यांतली काही नावे कंसात टाकलेली दिसतील आणि शेजारी एका वर्तुळात एखादा आकडा असेल. कंस म्हणजे हे नाव आता लागू नाही. मात्र ते गिरवून नाहीसे केलेले नाही, आजही वाचता येते. वर्तुळातला आकडा सांगतो की, हे नाव का गेले ते पाहायचे असेल तर दुसऱ्या एका वहीत या क्रमांकाची नोंद उघडा. ती दुसरी वही म्हणजे गाव नमुना सहा, अर्थात फेरफार नोंदवही.

मी भूजलाचा अभ्यासक आहे, महसूल खात्याशी माझा संबंध शेतसाऱ्यापुरता. तरीही या वहीवर लिहावेसे वाटले याचे कारण वेगळे आहे. गेली काही वर्षे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शिक्षकांना व महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मी अधूनमधून एक विषय शिकवतो. संगणकावरच्या फाइलमध्ये वेळोवेळी होणारे बदल, ते कोणी, केव्हा व का केले यासह जपून ठेवणे आणि हवे तेव्हा मागच्या कोणत्याही अवस्थेकडे परत जाता येणे, असा तो विषय. त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. आपण आवृत्ती-नियंत्रण म्हणू. माझ्यापुढे बसणाऱ्यांपैकी बहुतेकांनी प्रोग्रॅमची दहा ओळींहून अधिक रचना कधी केलेली नसते. पहिल्या खेपेस सांगलीत मी फळ्यावर आज्ञांची यादी लिहूनच सुरुवात केली. दुपारच्या चहापर्यंत सर्वांना आज्ञा पाठ झाल्या होत्या, आणि त्या कशासाठी आहेत हे एकालाही कळले नव्हते. दोष अर्थातच माझा होता. पुढच्या वेळेपासून मी सातबारा घेऊन जाऊ लागलो.

आधी मला हा विषय का शिकावा लागला ते सांगतो. जत आणि माण या दोन्ही दुष्काळी तालुक्यांतल्या चाळीस विहिरींची पाणीपातळी आम्ही तीन वर्षे मोजत होतो. मोजणारे टेप सोडत ते विहिरीच्या कठड्यावरून; आम्हाला हवी होती जमिनीपासूनची खोली. म्हणजे प्रत्येक मापातून कठड्याची उंची वजा करायची. ही दुरुस्ती एका सहकाऱ्याने फाइलच्या एका प्रतीत केली. मी दुसऱ्या प्रतीत केली. मग कोणीतरी, बहुधा मीच, दोन्ही प्रती एकत्र केल्या. आलेख काढला तेव्हा ऐन मे महिन्यात जतच्या काही विहिरींचे पाणी वर आलेले दिसले! कठडा दोनदा वजा झाला होता. पण कोणत्या मापांतून दोनदा आणि कोणत्यांतून एकदाच? फाइलच्या नावाला 'अंतिम', 'अंतिम नवी', 'अंतिम खरी' अशी शेपटे होती. त्यांतून काहीच कळेना. मूळ वह्या तोवर रद्दीत गेल्या होत्या. अकरा विहिरींची तीन वर्षांची मापे टाकून द्यावी लागली. कडक उन्हात सायकलीवरून फिरून ती घेणाऱ्या मुलांना हे सांगताना मान वर होत नव्हती.

आता वहीकडे येऊ. बदलाची नोंद ठेवण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असे समजण्याचे कारण नाही. मराठेशाहीत वतनाचा वा शिवेचा तंटा गोतसभेपुढे जाई आणि निवाड्याचा महजर होई. त्यावर हजर असलेल्यांच्या निशाण्या असत. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगर. म्हणजे 'कोणी' याचे उत्तर कागदावर होते. परंतु प्रत्येक कागद सुटा. एकामागून एक झालेल्या बदलांची सलग साखळी त्यातून मिळत नसे.

१८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात शेतवार मोजणीची नवी पद्धत बसवली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने ती पक्की झाली. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर ती साताऱ्यातही आली. तेहेतीस फुटांच्या साखळीने शेत मोजायचे (तेहेतीस फूट लांब आणि तितकेच रुंद म्हणजे एक गुंठा, हे गणित आजही गावात तोंडपाठ असते), त्याला सर्व्हे नंबर द्यायचा, जमिनीचा कस पाहून आकार ठरवायचा आणि तो तीस वर्षे बदलायचा नाही. सरकारला हवे होते ते दोनच गोष्टींचे उत्तर: शेत कोणते आणि सारा कोण भरणार? मधल्या तीस वर्षांत त्या शेतात वाटणी झाली, ते गहाण पडले, सावकाराकडे गेले, याच्याशी मोजणीच्या दप्तराला फारसे कर्तव्य नव्हते. ते दप्तर म्हणजे एका दिवशी काढलेले छायाचित्र होते.

या छायाचित्राची किंमत शेतकऱ्यांनी मोजली. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाले. जमावांनी मुख्यतः हेरले ते कर्जखतांचे कागद. त्यानंतरचा १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. जमिनीवर खरा हक्क कोणाचा, ती कोणाकडे अडकलेली आहे, हे सरकारी कागद पाहून कळत नाही, ही अडचण पुन्हा पुन्हा समोर येत राहिली. अखेर १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९१३ मध्ये त्यातल्या तरतुदी जमीन महसूल कायद्यात घेतल्या गेल्या. आपली फेरफाराची वही या घराण्यातली.

वहीचे पान अगदी साधे आहे. चार रकाने. पहिल्यात नोंदीचा अनुक्रमांक, दुसऱ्यात मिळालेल्या हक्काचे स्वरूप, तिसऱ्यात परिणाम झालेले भूमापन क्रमांक, चौथ्यात नोंद तपासणाऱ्या अधिकाऱ्याची सही किंवा शेरा. दुसरा रकाना सर्वांत रुंद असतो, कारण हकिकत तेथे लिहायची: अमुक तारखेस अमुक मयत, वारस हे, किंवा खरेदी, रक्कम इतकी, दस्त क्रमांक हा. आज लागू असलेल्या १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत हीच पद्धत आहे. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत वर्दी द्यायची. तलाठ्याने नोंद लिहायची, तिची प्रत चावडीत लावायची, संबंधितांना नोटीस द्यायची. पंधरा दिवसांत हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि मगच सातबाऱ्यावर कंस पडतो. हरकत आली तर? तलाठ्याने स्वतः निवाडा करायचा नाही. ती विवादग्रस्त प्रकरणांच्या वेगळ्या वहीत, सहा-अ मध्ये, लिहायची आणि वरच्या अधिकाऱ्याने दोघांचे ऐकायचे. लिहिणारा वेगळा आणि मान्य करणारा वेगळा, हे या पद्धतीतले शहाणपण मला फार मोलाचे वाटते.

सांगली जिल्ह्यातल्या जुन्या कागदांत तर वहीच्या डोक्यावरही इतिहास आहे. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यात होते. १९४८ मध्ये सांगली, मिरज, जत ही संस्थाने विलीन झाली आणि १९४९ मध्ये हे सारे मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले गेले. तेव्हा वाळव्यातल्या एकाच रानाचे कागद शोधताना जिल्हा सातारा, जिल्हा दक्षिण सातारा आणि जिल्हा सांगली अशी तीन नावे भेटतात. रान जागचे हललेले नाही.

संगणकाच्या जगात ही वही बरीच उशिरा आली. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी प्रोग्रॅमच्या मजकुरातले बदल सांभाळणारी पहिली मोठी प्रणाली लिहिली. बदल काय, कोणी केला, केव्हा आणि का, हे तिच्यात नोंदले जाई. १९८२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठातल्या वॉल्टर टिची यांच्या प्रणालीने साठवणीची एक युक्ती वापरली. सर्वांत ताजी प्रत तेवढी पूर्ण ठेवायची आणि मागे जाण्यासाठी फक्त फरक ठेवायचे. येथे मी वर्गात थांबतो आणि विचारतो, हे कोठे पाहिले आहे? ताजी पूर्ण प्रत म्हणजे सातबारा. मागे नेणारे फरक म्हणजे फेरफार. आजचा उतारा हातात घ्या, शेवटचा फेरफार उलटा करा, मग त्याच्या आधीचा. पायरी पायरीने आपण आजोबांच्या काळात पोहोचतो. एकदा हे कळले की 'फरक' आणि 'अवस्था' या दोन शब्दांतला भेद पुन्हा समजावावा लागत नाही.

अशी वही ठेवलीच नाही तर काय होते? त्याचे उत्तर पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. शतकानुशतके नकला होत गेल्या, नकलाकारांनी श्लोक घातले, गाळले, बदलले. कोणी, केव्हा, का, याची नोंद कोठेही नाही. मग शेकडो हस्तलिखिते ओळीओळीने पडताळून कोणता पाठ जुना ते अनुमानाने ठरवावे लागले आणि वगळलेले पाठ पानाच्या तळाशी द्यावे लागले. या कामाची पद्धत घालून देणारे विष्णु सीताराम सुखटणकर मूळचे गणिताचे विद्यार्थी होते. ते १९४३ मध्ये वारले. काम १९६६ मध्ये पुरे झाले. सत्तेचाळीस वर्षे!

आता अवघड भाग. बदल एकामागून एक होतात तोवर वही सोपी असते. परंतु एकाच वेळी दोघे बदल करू लागले की? जमिनीत हे नित्याचे आहे. भावाभावांत वाटणी झाली की एका नंबराचे पोटहिस्से होतात आणि प्रत्येक हिश्श्याचा इतिहास तेथून वेगळा चालतो. संगणकावर याला शाखा म्हणतात. शाखा फोडणे सोपे, जोडणे कठीण. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्याखाली आपल्या भागातल्या असंख्य गावांत विखुरलेले तुकडे एकत्र करून गट पाडले गेले. जुने सर्व्हे नंबर गेले, नवे गट नंबर आले. ज्याला आज जुना कागद शोधायचा आहे त्याला एकत्रीकरणाच्या उताऱ्यावरून जुना नंबर व नवा गट यांचा मेळ घालावा लागतो. आणि कागदावरचा गट एक, प्रत्यक्ष वहिवाट दुसरीकडेच, असे तंटे दिवाणी न्यायालयांत अजून चालू आहेत. जोडणी करताना मागचा धागा हातून सुटला की काय होते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. माझ्या विहिरींचेही तेच झाले होते.

संगणकावर हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो लिनक्स या प्रणालीच्या बाबतीत. जगभरातले हजारो लोक तिच्यात बदल सुचवत. हे काम ज्या व्यापारी साधनावर २००२ पासून चाले, त्याचा विनामूल्य परवाना २००५ च्या एप्रिलात बंद होण्याची वेळ आली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच एक साधन लिहायला घेतले. तेच गिट. त्यात प्रत्येकाकडे संपूर्ण वहीची नक्कल असते. जो तो आपल्या प्रतीत नोंदी करतो आणि मग जोडणी होते. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या असतील तर यंत्र सहसा मुकाट्याने जोडते. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर मात्र ते थांबते, दोन्ही पाठ समोर ठेवते आणि निर्णय माणसावर सोपवते. वर्गात मी याला सहा-अ म्हणतो. नवशिक्यांना या ठिकाणी फार भीती वाटते. पडद्यावर विचित्र खुणा दिसल्या की आपण काहीतरी मोडले असे वाटून ते खिडकीच बंद करतात. हरकत नोंदवली जाणे म्हणजे दप्तर जळणे नव्हे, एवढे सांगितले की हात पुन्हा कळफलकावर येतात.

ही तुलना कोठे लंगडी पडते तेही सांगायला हवे. गिट फरक नव्हे तर प्रत्येक वेळची संपूर्ण अवस्था नोंदते, जागा वाचवण्याची काटकसर आतल्या आत करते. प्रत्येक नोंदीला मजकुरावरून काढलेला, सामान्यतः चाळीस अक्षरांचा ठसा असतो आणि त्यात आधीच्या नोंदीचा ठसाही मिसळलेला असतो. म्हणून मागची एक नोंद गुपचूप बदलली तर पुढचे सगळे ठसे बदलतात. कागदी वहीला असे कवच नव्हते; पान क्रमांक, शिक्का आणि तलाठ्याची सचोटी एवढ्यावर भिस्त. उलट गिटमध्ये नोंद करणारा आपले नाव काय सांगेल ते खरे मानले जाते, वेगळी सही जोडल्याखेरीज पडताळणी होत नाही. चावडीत निदान तलाठी तोंड ओळखतो! महाराष्ट्रातला सातबाराही आता संगणकावर आहे. १ मे २०१८ पासून तो डिजिटल सहीने मिळतो. हस्तलिखितावरून संगणकात नेताना झालेल्या चुका दुरुस्त करण्यातही बरीच वर्षे गेली. नव्या वहीत जाताना जुनी वही समोर उघडी ठेवावी लागते ती अशी.

आणखी एक मर्यादा आहे, ती दोन्ही वह्यांना सारखीच आहे. आमचे थोडे रान वाळवा तालुक्यात आहे. आजोबा वारल्यानंतरच्या वारस नोंदीत आजीचे, तीन मुलांचे आणि दोन मुलींचे नाव लागले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलींना तो हक्क होता. त्यापुढच्याच फेरफारात दोघी बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडल्याची हकिकत आहे. खाली सह्या आहेत, प्रमाणित केल्याचा शेरा आहे, सातबाऱ्यावर दोन्ही नावांना कंस आहे. सर्व रकाने भरलेले. थोरल्या आत्याला मी एकदा त्या सहीबद्दल विचारले. ती म्हणाली, "सही कर म्हणाले, केली. कशाची ते कुणी सांगितलं नाही, अन् मीबी इचारलं नाही." माझ्या वडिलांनीही ते कधी काढले नाही. संहिता सांगते की, प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानायची. न्यायालये सांगतात की, नुसत्या फेरफाराने मालकी ठरत नाही. या दोन वाक्यांमधल्या जागेत आमच्या आत्याची सही आहे. दुसरा रकाना लिहिणाऱ्याच्या शब्दांत असतो. पण वहीत नाव आणि क्रमांक उरला म्हणून मला निदान विचारता तरी आले. नाव खोडून नवा कोरा उतारा लिहिला असता तर विचारायचे काय, हेही सुचले नसते.

म्हणून वर्गात माझा सर्वाधिक वेळ आज्ञांवर नव्हे, दुसऱ्या रकान्यावर जातो. पहिला तास संगणकाविना. एका वहीत सात-आठ विहिरींची मापे असतात. तिच्या दोन नकला करून दोन गटांना देतो. प्रत्येक गटाने तीन दुरुस्त्या करायच्या, चुकीचा आकडा कंसात टाकायचा, वर्तुळात क्रमांक द्यायचा आणि शेवटच्या पानावर हकिकत लिहायची. मग दोन्ही वह्या मिळून एक करायची. एखाद्या विहिरीवर हटकून भांडण होते, आणि ते व्हावे म्हणूनच मी दोन्ही गटांना एक माप मुद्दाम संदिग्ध दिलेले असते. दुसऱ्या तासाला तेच सारे गिटमध्ये. फाइल साध्या मजकुराची, मराठीतली. प्रोग्रॅमची एकही ओळ नाही. अमेरिकेत १९९८ मध्ये शास्त्रज्ञांना संगणकाची कारागिरी शिकवण्यासाठी सॉफ्टवेअर कार्पेंट्री नावाचा उपक्रम सुरू झाला, त्याच्या गिटच्या पाठातही पहिली फाइल प्रोग्रॅमची नसते. काही वर्षे ती मंगळाविषयीच्या टिपणाची होती, पुढे एका पाककृतीची झाली. शिक्षकांना प्रश्नपत्रिका घेऊनही हे करता येईल. नोंद, मागची यादी, फरक पाहणे, मागे जाणे, एवढ्या चार गोष्टी पहिल्या दिवशी पुरेत. शाखा दुसऱ्या दिवशी.

तासगावकडच्या एका वर्गात बारावीच्या एका मुलीने पहिल्या नोंदीच्या हकिकतीत 'दुरुस्ती' एवढाच शब्द लिहिला होता. मी विचारले, "कशाची?" तिने थोडा विचार करून पुन्हा लिहिले: "विहीर ४, मे महिना. माप कठड्यावरून घेतले होते, कठडा ०.९ मीटर वजा केला. ही दुरुस्ती पहिल्यांदाच होत आहे. मोजणारी मीच होते."